अर्ध्यावर थांबणारी खुर्ची

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तिथल्या बाईंनी "साहेब मीटिंगमध्ये आहेत, आपण कोण?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून "कोणी नाही, नंतर करते" असं निघून गेलं. बहीण म्हणायला जीभ वळली नाही. म्हणून हे पत्र. लॅबमध्ये जेवणाची सुट्टी चालू आहे. समोर कुणाची तरी वरची कवळी साच्यातून काढून ठेवलीय, ती माझ्याकडे बघून हसतेय. घरी लिहायला बसले असते तर आप्पांनी विचारलं असतं, कोणाला लिहितेस.

आधी हे सांगते, आप्पा बरे आहेत. मागच्या वर्षी झटका आला तेव्हा मी कळवलं होतं, तू फुलं पाठवली होतीस. डावी बाजू अजून म्हणावं तसं ऐकत नाही. चालतात, काठी घेऊन, पण एकदा बसले की उठता येत नाही. मी उठवते. गोदीत जन्मभर क्रेन चालवलेला माणूस, जहाजातून लोखंड उचलून किनाऱ्यावर अलगद ठेवणारा, त्याला रोज सकाळी मुलीच्या गळ्यात हात टाकून उठायचं अगदी जिवावर येतं. शेवटी ती उठवणारी खुर्ची घ्यायचं ठरलं. बटण दाबलं की बसायची जागा मागून वर येते, पुढे कलते आणि माणूस आपोआप पायांवर उभा राहतो.

ती तुमच्याच शोरूममधून घेतली. तुझ्या कंपनीच्या. माझ्या मनात नव्हतं, घराजवळ दोन दुकानं होती, पण आप्पांनी हट्टच धरला. खिडकीपाशी मांडून ठेवलेली खुर्ची होती, उन्हाने एका हाताच्या कापडाचा रंग उडालेला. तिथली मुलगी म्हणाली, डिस्प्ले पीस आहे, कापड असं झालंय म्हणून सूट. आम्हाला कापडाशी काय करायचंय.

आता ती खुर्ची अर्ध्यावर थांबते. रोज नाही, मधूनच. वर येता येता एकदम गप्प. मग वरही जात नाही आणि खालीही येत नाही, आणि माणूस ना बसलेला ना उभा, असा घसरगुंडीवर टांगल्यासारखा राहतो. दुकानाला फोन केला तर म्हणतात डिस्प्लेचा माल बदलून मिळत नाही.

तू त्या कंपनीत एवढा मोठा साहेब आहेस, म्हणून विचारते. डिस्प्ले पीस म्हणजे काय रे? नुसता बघायचा माल?

सुट्टी संपली. उत्तर पाठव.

छोटी


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन खालच्या पेट्यांपाशी आला की मी गॅलरीत जाते, आप्पा म्हणतात सारखी काय आत-बाहेर करतेस.

काल अर्धी रजा टाकून शोरूममध्ये गेले. शाखेचा मॅनेजर तुझ्यापेक्षा लहान, टाय लावलेला. बसा म्हणाला, पाणी मागवलं. बिल बघितल्यावर चेहरा बदलला नाही, नुसता आवाज हळू झाला, आजाऱ्याशी बोलतात तसा.

"मॅडम, हा डिस्प्ले पीस होता."

"हो. पण खुर्चीच होती ना? का खुर्चीचं चित्र?"

"तसं नाही. सूट दिलीय आपण. बिलावर शिक्का आहे बघा, बदलून किंवा परत मिळणार नाही."

"सूट कशाबद्दल?"

"डिस्प्लेबद्दल."

"कापडाचा रंग उडालाय त्याबद्दल. तुमच्याच मुलीने सांगितलं होतं. मोटर अर्ध्यावर बंद पडते हे सांगितलं होतं का?"

"मोटर तेव्हा चालू होती, मॅडम."

"म्हणूनच घेतली."

तो नुसता हसला. त्याला माझा राग आला असता तर बरं वाटलं असतं. त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे हाच मजकूर मोठ्या अक्षरांत लावलाय, आणि खाली बारीक अक्षरांत, विभागीय कार्यालयाच्या आदेशानुसार. विभागीय कार्यालय म्हणजे तू. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तुझं नाव तोंडावर आलं होतं, म्हणाले असते तर पाणी देणाऱ्याने चहा आणला असता. पण आप्पांनी घरून निघतानाच बजावलं होतं, त्याचं नाव काढायचं नाही. का ते विचारलं तर भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याआधी एकदा मेकॅनिक पाठवला होता त्यांनी, मी फार मागे लागले तेव्हा. त्याने खुर्ची उलटी केली, खालचं झाकण काढलं आणि म्हणाला, "ताई, वर्षभर दुकानात आलेलं प्रत्येक पोर हिच्यावर बसून वर-खाली झालंय. नवीन कुठली? मोटर घासून गेलीय."

"एवढंच कागदावर लिहून द्या."

"मला नोकरी करायचीय," तो म्हणाला आणि झाकण लावून निघून गेला.

आमच्या लॅबमध्ये कवळी टोचते म्हणून कोणी परत आलं तर आम्ही विचारत नाही की घेताना आरशात बघितली होती की नाही. जिथे टोचते तिथे घासून देतो. नाहीच बसली तर नवा साचा घेतो. मालक कितीही चरफडले तरी घेतो, कारण ती माणसाच्या तोंडात जाणार असते.

तू लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

छोटी


२ मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी आणि तुझी खुर्ची एकाच दिवशी आल्या. चिठ्ठी तीन ओळींची. "नवी खुर्ची माझ्याकडून पाठवतोय. जुनी राहू दे. तक्रारीच्या भानगडीत पडू नकोस, नुसता वेळ जातो." आप्पा कसे आहेत, एवढी चौथी ओळ त्यात मावली असती.

दोन माणसांनी ती जिन्याने वर आणली, घामाघूम झाली होती. आप्पा पलंगावर बसलेले.

"कोणी पाठवली?"

"दुकानाने बदलून दिली," मी म्हणाले.

"मग जुनी का नाही नेत?"

मी काही जुळवून सांगायच्या आत त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, ही वेगळी ऑर्डर आहे. साहेबांच्या नावावर." आणि तुझं पूर्ण नाव वाचून दाखवलं.

आप्पा त्या माणसांना म्हणाले, "दमला असाल. पाणी प्या, आणि परत न्या."

मी भांडले, दादा. शेजारच्यांनी दार उघडून बघावं इतकी. म्हटलं, तुमचा मान ठेवायचा आणि उचलायचं मी, असं किती दिवस? माझी कंबर काय लोखंडाची आहे? खोकं खाली गेलं.

आता तुला खरं सांगायला हवं. पहिल्या पत्रात आप्पा बरे आहेत असं मी लिहिलं. नव्हते. त्याच्या आदल्या आठवड्यात मी लॅबमध्ये असताना ते खुर्चीत अडकले. फोन टेबलावर, हात पोचेना. वाट बघितली, मग स्वतःच घसरत उतरायचा प्रयत्न केला आणि डाव्या अंगावर पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं. मी संध्याकाळी आले तर रेडिओ चालू, खुर्ची तशीच पुढे कललेली आणि आप्पा तिच्या पायाशी. मला बघून म्हणाले, "क्रेन अडकली गं." हसले. आणि मग रडले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा लिहिलं नाही, कारण वाटलं, तू पुन्हा फुलं पाठवशील.

तुझी खुर्ची आप्पांना का नको ते त्यांनाच माहीत. आई गेली त्या दिवशी तू दुकानातला सेल आटोपून उशिरा आलास, आणि हॉस्पिटलच्या जिन्यात ते तुला म्हणाले, दुकान उघडं असेल, जा. तू गेलास. तेव्हापासून तुम्हा दोघांच्या मधे मी उभी आहे आणि मला दोन्हीकडून फक्त पाठ दिसते. पण माझं कारण सांगते. ती खुर्ची एका भावाने पाठवली होती. दुकानाने काहीच बदलून दिलेलं नाही. उद्या दुसऱ्या कोणाचा बाप असा पडेल आणि त्याच्या मुलीचा भाऊ तुमच्या कंपनीत नसेल.

मी तक्रार करणार आहे. तुझ्या कंपनीविरुद्ध. आधी सांगितलं नाही असं नको व्हायला.

छोटी


११ मार्च

दादा,

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात जाऊन आले. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, पंखा फिरताना टकटक करतो. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, बिल बघितलं, शिक्का बघितला.

"हा शिक्का बघूनच निम्मी माणसं घरी जातात," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच असतो."

त्यांनी समजावलं ते असं. जो दोष तुम्हाला दाखवून, सांगून, त्याबद्दल सूट देऊन माल विकला, त्याबद्दल तुम्ही भांडू शकत नाही. कापडाबद्दल आपण बोलूच शकत नाही. पण जो दोष सांगितला नाही, बघून कळण्यासारखा नव्हता, त्याची जबाबदारी दुकानाचीच. डिस्प्लेचा असो नाहीतर कपाटातला. खुर्ची उठवणारी म्हणून विकली तर तिने उठवलं पाहिजे. शिक्का मारून हक्क पुसला जात नाही. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच अर्ज भरायला बसले.

पण खरेदी आप्पांच्या नावावर आहे. सही त्यांची लागते. आणि ते करत नाहीत.

तीन दिवस मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवतेय आणि ते चष्मा सापडत नाही म्हणतायत. चष्मा डोळ्यांवर असतो. काल मी हरून कागद उचलला आणि पुन्हा शोरूमवर गेले, आणखी एकदा विनवून बघावं म्हणून. मॅनेजर भेटला नाही. बाहेर पडले तर ती मुलगी मागून धावत आली, जिने खुर्ची विकली होती ती. म्हणाली, "आजोबा कसे आहेत?" मी सांगितलं, पडले. ती एकदम रडकुंडीला आली.

"तुम्ही फोन घ्यायला बाहेर गेला होता ना, तेव्हा मी त्यांना दुसरी दाखवत होते हो, खोक्यातली. ते म्हणाले, हीच दे, तपासायची गरज नाही. हे दुकान माझ्या मुलाच्या हाताखाली आहे, इथला माल खराब निघायचा नाही. सगळ्या सेल्समनना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. आणि नंतर मला हळूच म्हणाले, वरच्यांना सांगू नकोस, त्याला वाटेल बाप सूट मागायला आला."

मी तिथे फूटपाथवर उभी राहिले. लोक धक्के मारून जात होते.

घरी आल्यावर आप्पांना विचारलं. आधी उडवून लावलं. मग म्हणाले, "कोर्टात त्याच्या दुकानाचं नाव निघेल. वरचे त्याला विचारतील, तुझा बापच उलटला का. माझी हाडं काय, आज ना उद्या मोडायचीच. त्याची नोकरी कशाला मोडायची?"

"आणि त्याची खुर्ची परत का पाठवलीत?"

"चूक दुकानाची. भुर्दंड त्याला का?"

म्हणजे बघ, दादा. इतकी वर्षं मला वाटायचं ते तुझं नाव रागाने काढत नाहीत.

आता मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागते. खुर्ची नको, ओळख नको. तू त्यांना फोन कर आणि सही करा म्हणून सांग. मी सांगून ते करणार नाहीत. तुला हे सांगणं किती जड जाईल ते मला कळतं, त्या भिंतीवर तुझाच हुकूम लावलाय. तुला नाही जमलं तर मी तुला पुन्हा लिहिणार नाही. ही धमकी नाही. माझ्यात तेवढा जोर उरलेला नाही, एवढंच.

छोटी


१९ मार्च

दादा,

तू फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तू फोन केलास तेव्हा मी भांडी घासत होते. आप्पांनीच उचलला. "हं," म्हणाले. मी नळ बंद केला. पुन्हा "हं." मग म्हणाले, "आणि तुझ्या नोकरीचं?" तू काय बोललास कोण जाणे, ते म्हणाले, "तसं नाही रे, मला काय कळतंय तुमच्यातलं." मग, "जेवतोस का वेळेवर?" मी स्वयंपाकघरात ओल्या हातांनी उभी.

फोन ठेवून त्यांनी मला हाक मारली. "आण तो कागद. तो म्हणतो, ज्यात बाप पडतो तो हुकूमच चुकीचा आहे." सही केली. शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

अर्ज दिलाय. पण मला स्वस्थता नाही. लॅबमध्ये आज एक साचा हातातून सुटून फुटला. तू खरंच त्यांना असं म्हणालास का? आणि तुझ्या वरच्यांनाही म्हणणार आहेस का? तू काही विपरीत करू नकोस. मी सही मागितली होती, बळी नाही.

छोटी


२४ मे

दादा,

आज ग्राहक कोर्टात सुनावणी झाली. तू यायचं नाहीस असं आपण ठरवलं होतं ते बरंच झालं, तुझी कुचंबणा झाली असती किंवा आप्पांची. त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. इस्त्रीचा शर्ट, गोदीतला जुना बिल्ला खिशात. कशाला तो, विचारलं तर म्हणाले, असू दे.

लहानशी खोली, तीन जण बसलेले, मधल्या बाई अध्यक्ष. तुमच्या कंपनीचा वकील चांगला बोलला. सूट दिली होती, शिक्का होता, माल बघून घेतला होता, आजोबांनी स्वतःच तपासायची गरज नाही म्हटलं होतं. हे शेवटचं ऐकून आप्पांनी मान खाली घातली. मला त्या वकिलाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

अध्यक्ष बाईंनी त्याला विचारलं, "सूट कशाबद्दल होती?"

"डिस्प्ले पीस होता म्हणून."

"म्हणजे त्यात काय कमी होतं?"

"कापडाचा रंग गेला होता."

"मोटरमध्ये काही कमी होतं का?"

"नाही, मोटर उत्तम होती."

"उत्तम मोटर म्हणून विकली, मग तिच्याबद्दल सूट दिलेली नाही. बरोबर?"

वकिलाने कागद चाळले. "शिक्का आहे, मॅडम."

"शिक्का दिसतोय मला. मी मोटरबद्दल विचारतेय."

मग तो मेकॅनिक आला. मला वाटलं नव्हतं तो येईल. कंपनीनेच त्याला परवानगीचं पत्र दिलं होतं, विभागीय कार्यालयातून. ते कोणी दिलं ते मी विचारत नाही. त्याने आम्हाला घरी सांगितलं होतं तेच सगळं तिथे सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

शेवटी बाईंनी आप्पांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? मला वाटलं, पडल्याचं सांगतील. ते म्हणाले, "क्रेनची दोरी झिजली की आम्ही पाटी लावायचो, वापरू नका. दोरी बदलून मिळणार नाही अशी पाटी कधी लावली नाही."

नवी खुर्ची द्यायची, हॉस्पिटलचा खर्च द्यायचा आणि ती पाटी काढायची, असा निकाल मिळाला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन बाकावर बसले. आनंद व्हायला हवा होता. मी नुसती बिलं पुन्हा क्रमाने लावली.

छोटी


८ जून

दादा,

शोरूममधल्या त्या मुलीने फोनवर सांगितलं की तुला विभागीय कार्यालयातून काढून गावाबाहेरच्या गोदामावर टाकलंय. तू मला काही बोलला नाहीस. पाटी उतरवण्याचा मसुदा तूच लिहून वर पाठवलास आणि आमचा अर्ज कोणाचा आहे तेही तूच सांगितलंस, असं तिथे सगळ्यांना माहीत आहे म्हणे. मी रडले आणि मग मला तुझा राग आला. मग पुन्हा रडले. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग, समोर बसून. मी यापुढे तुमच्या दोघांमधली निरोप्या होणार नाही.

नवी खुर्ची आलीय. न थांबता वर येते, मी रोज सकाळी रिकामी चालवून बघते, विश्वास बसत नाही. आप्पा मला हसतात.

तू गुरुवारी दुपारच्या गाडीने येतोयस हे त्यांना कळलंय. दोन दिवस झाले, माझ्याशी नीट बोलत नाहीत. खुर्चीतून उठून काठी घेऊन दारापर्यंत जातात, कडी काढतात, लावतात, परत येऊन बसतात. मी हात धरायला गेले की झिडकारतात. मधेच थांबावं लागतं, कपाटाला टेकून. फार वेळ लागतो.

म्हणून तुला एक सांगते. बेल वाजवल्यावर आतून बराच वेळ काही आवाज आला नाही तर घरात कोणी नाही असं समजून जिना उतरू नकोस. मी घरातच असेन, पण मला दार उघडायची परवानगी नाही. तू नुसता उभा राहा. ते येतायत.

छोटी